मुक्त आणि फुकट

खंडाळा म्हटले की पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे बोरघाटातील थंड हवा उभी राहते. आमचा खंडाळा तो नव्हे. पुण्याहून साताऱ्यास जाताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे लागणारे तालुक्याचे गाव, ते आमचे. येथे हवा खाण्यास कोणी येत नाही. लोक घाट चढून पुढे निघून जातात. अशा गावी संध्याकाळी पोरांनी करावे काय, हा प्रश्न हल्ली व्हिडिओ गेमनी सोडविला आहे. आणि आमच्या घरात तो आम्हीच पुन्हा निर्माण केला.

त्याचे असे झाले. विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि पुढच्या आवृत्तीस लागणारी सामग्री आमच्या वयस्क संगणकात नव्हती. चालते यंत्र भंगारात घालणे मनास येईना. तेव्हा आम्ही त्यावर लिनक्स बसविले. लिनस टॉरव्हाल्ड्स या हेलसिंकीतील विद्यार्थ्याने १९९१ साली जिचा गाभा लिहावयास घेतला, ती ही कार्यप्रणाली. तिचे मूळ कोणीही वाचावे, बदलावे, दुसऱ्यास द्यावे. आम्हांस हे फार आवडले. "मुक्त म्हणजे फुकट नव्हे; मुक्त म्हणजे स्वतंत्र," असे व्याख्यान आम्ही जेवताना चिरंजीवांस दिले. ते नववीत आहेत. त्यांनी भात कालवीत एवढेच विचारले, "माझा खेळ चालेल ना?"

चालेल, असे आम्ही छातीठोकपणे सांगितले, आणि बहुतांशी ते खोटे ठरले नाही. विंडोजसाठी रचलेला खेळ लिनक्सशी परक्या भाषेत बोलतो; मध्ये दुभाषी लागतो. १९९३ पासून वाढत आलेल्या अशा एका दुभाष्याचे नाव वाइन. "संगणकात वाइन घातली," असे चिरंजीवांनी जाहीर करताच मातोश्रींची जपमाळ थांबली, ती खुलासा पुरा होईपर्यंत पुढे सरकली नाही. याच वाइनच्या पायावर व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ साली प्रोटॉन नावाचा अधिक तरबेज दुभाषी उभा केला. २०२२ साली आलेले तिचे स्टीम डेक हे हातात धरून खेळावयाचे यंत्र लिनक्सवरच चालते. आमच्याही घरी शर्यती, किल्ले, कोडी असे बरेच काही चालू लागले. कधी आवाज फाटे, कधी अक्षरांच्या जागी चौकोन दिसत, कधी एक खेळ सुरू होण्यास रविवारची सकाळ खर्ची पडे. पण चिरंजीव चिकाटीने वाट काढीत, आणि आम्ही त्यांच्यामागे उभे राहून धन्यता मानीत असू.

अडले ते एका खेळापाशी, आणि नेमका तोच खेळ त्यांचे मित्र रोज रात्री आठला मिळून खेळत. अशा खेळांत लबाडी होऊ नये म्हणून खेळाबरोबर एक पहारेकरी येतो. पुष्कळदा तो विंडोजच्या अगदी गाभाऱ्यात बसून यंत्राच्या धन्यावरच नजर ठेवतो. लिनक्समध्ये गाभाराही धन्याला बदलता येतो; मग पहारेकऱ्याने विश्वास कोणावर ठेवावा? ईझी अँटी-चीट व बॅटलआय या दोन प्रसिद्ध पहारेकऱ्यांनी २०२१ साली प्रोटॉनशी जुळवून घेण्याची सोय केली. पण दार उघडावयाचे की नाही, हे खेळाच्या कर्त्यांनी ठरवावयाचे असते. अपेक्स लेजेंड्सच्या कर्त्यांनी तर आधी उघडलेले दार २०२४ साली लबाडीचे कारण सांगून पुन्हा लावून घेतले. म्हणजे आमच्या यंत्राचा दोष एवढाच की, ते सर्वस्वी आमचे होते!

हा विनोद आम्हांस इतका पसंत पडला की आम्ही तो चिरंजीवांस ऐकविला. ते हसले नाहीत. जुने विंडोजही त्याच यंत्रात एका कोपऱ्यात राहू द्यावे, अशी तोड त्यांनी सुचविली. देखभाल थांबलेल्या घरात पुन्हा बिऱ्हाड नको, म्हणून आम्ही ती मोडीत काढली. मग रात्री आठला मोबाइलवर मित्रांचे बोलणे ऐकत ते नुसते बसून राहत. कोण कोठे लपला, कोण पडला, हे कानांनी पाहत. "एका खेळाचे ते काय एवढे!" आम्ही म्हणालो. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "बाबा, लिनक्ससाठी तुम्ही काय सोडलंत?"

आम्ही मनात हिशेब केला. आमचे लेखन, पत्रव्यवहार, जुनी गाणी, विजेचे बिल, सारे पूर्वीसारखेच चालले होते. आम्ही काहीच सोडले नव्हते. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे आम्ही शिकविले खरे. पण आमच्यापुरते ते फुकटच होते. वडिलांनी व्रत घ्यावे आणि उपास मुलाने करावा, तसा हा प्रकार.

लिनक्स आम्ही काढले नाही. तत्त्व खोटे नव्हते. परंतु आता शनिवारी चिरंजीव गावातच एका मित्राच्या घरी जातात आणि दोघे तो खेळ आळीपाळीने खेळतात. रविवारी तो मित्र आमच्याकडे येतो. मग एकाच पडद्यावर सुपरटक्सकार्ट या मुक्त खेळातील गाड्या धावतात. तेथे पहारेकरी नाही. लबाडी झालीच तर शेजारच्याला कोपर मारता येते. उरलेले पाच दिवस मात्र आठ वाजावयाचे ते वाजतातच. त्यावर आमच्यापाशी उपाय नाही, आणि आता व्याख्यानही नाही. शनिवारी दुपारी त्यांच्या सायकलीत हवा भरून ठेवतो, इतकेच.