फिस्स!

माझ्या पुतण्याच्या गाडीला टर्बो आहे. टर्बो म्हणजे पोटातला बकासुर. हवा गिळतो आणि दाबून इंजिनात कोंबतो. मात्र ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाचं दार बंद! दाबलेली हवा उलटी फिरून टर्बोच्याच पात्यांवर आदळते. तिला वाट करून देतो तो ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह.

कंपनीचा व्हॉल्व्ह ही हवा गुपचूप आतल्या नळीत परत सोडायचा. चिरंजिवांना ते मिळमिळीत वाटलं. त्यांनी हवा बाहेर सोडणारा बसवला. कशासाठी? तर 'फिस्स' असा आवाज येतो!

नागपूरहून वर्ध्याला निघालो. केळझरला सिद्धिविनायकाच्या दर्शनासाठी वेग कमी केला. फिस्स झालं आणि गाडीच बंद पडली. भीमाने बकासुर मारला तो इथेच म्हणतात. आमचाही इथेच आडवा झाला!

मिस्त्री आला. "हवा मोजून आत घेतली नं भाऊ? मंग बाहेर काहून सोडता? इंजिन तेवढ्या हवेचं पेट्रोल ओतते नं!"

"स्क्रू फिरवून जमेल?" पुतण्या.

"स्प्रिंग ढिली केली तर उभ्या गाडीतही उघडी राहते. लय कसली तर उघडतच नाही, हवा आतल्या आत फडफडते. जुना व्हॉल्व्ह हाय का?"

जुना डिकीत होता. तोच बसवला.

या खर्चावरचं एक भाषण मी नागपूरपासून दाबून ठेवलं होतं. पुतण्याचं तोंड पाहिलं आणि तेही गुपचूप आतल्या नळीत परत सोडलं. आवाज आला नाही. पण वर्ध्यापर्यंत गाडी आणि गप्पा दोन्ही बंद पडल्या नाहीत.