उतारावरचं कुंपण



स्प्रिंग आला की आपल्यापैकी बरेचजण परसदारी कुंपण घालायच्या मागे लागतात. तुमचं अंगण सपाट असेल तर हे पत्र खुशाल डिलीट करा. उताराचं असेल तर मात्र वाचा, कारण मी एकच कुंपण दोनदा घातलेला माणूस आहे.

आम्ही पिट्सबर्गचे. इथे बीचव्ह्यू भागात कँटन अ‍ॅव्हेन्यू नावाचा रस्ता आहे, तो १०० फुटाला ३७ फूट चढतो! आमच्या मागच्या अंगणाचा उतारही काही कमी नाही, तीन फुटाला एक फूट. आणि तळाशी ओढा. २००४ मध्ये लेक झाली तेव्हा सौ. म्हणाली, "ती चालायला लागायच्या आत कुंपण हवं."

मी इंजिनिअर, म्हटलं त्यात काय एवढं! लाकडी पॅनल आणले आणि पायऱ्यापायऱ्यांनी बसवले. प्रत्येक पॅनल लेव्हलमध्ये, पुढचा दोन फूट खाली. लांबून झकास दिसायचं. पण सहा फुटी पॅनल आडवा ठेवला की त्याच्या उतरत्या टोकाखाली दोन फुटांची त्रिकोणी फट राहते. ती मी फळ्या ठोकून बुजवली आणि विसरून गेलो.

दुसरी चूक स्क्रूंची. आर्सेनिकवालं जुनं सी.सी.ए. रसायन घरगुती लाकडासाठी २००३ च्या अखेरीस बंद झालं. त्याजागी ए.सी.क्यू. आलं, त्यात तांबं बरंच जास्त. लाकूड ओलं झालं की हे तांबं साध्या गॅल्व्हनाइज्ड स्क्रूवरचा जस्ताचा पातळ थर खातं आणि मग आतलं लोखंड. तिथे जाड थराचे हॉट-डिप नाहीतर स्टेनलेस स्क्रू लागतात. मी वापरले साधे. कुंपणच शेत खातं ऐकलं होतं, इथे कुंपणाने स्वतःलाच खाल्लं.

२००७ च्या एप्रिलमध्ये आई-बाबा आले होते. एका दुपारी लेकीचा बॉल त्या फळीपाशी गेला. तिने फळी ढकलली, स्क्रूचं डोकं तुटलेलंच होतं. मी डेकवरून पाहिलं तेव्हा ती पलीकडे निम्म्या उतारावर होती. मी ओरडलो, आणि माझ्या आधी बाबा पोचले. गुडघे दुखतात म्हणून जिना न चढणारे बाबा बसून घसरत गेले होते. ओढ्यात त्या आठवड्यात भरपूर पाणी होतं. तिला काही झालं नाही. रात्री सौ. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "अरे, आपल्याकडे डोंगरात वई घालतात ती बघितली आहेस ना? जमिनीबरोबर उतरते. तू जमिनीला जिने कशाला पाडलेस?" गुहागरकडचा माणूस, उतार आणि खाऱ्या वाऱ्याने सडणारी तार दोन्ही पाहिलेला. त्यांचं म्हणणं म्हणजेच इथलं 'रॅकिंग'. पॅनलच्या उभ्या पट्ट्या उभ्याच राहतात, आडव्या पट्ट्या उताराबरोबर कलतात. ढिली झालेली खाट कलते तसंच. प्रत्येक सांध्यावर एकच स्क्रू, तोच बिजागरीचं काम करतो. खांबालाही फिरणारे ब्रॅकेट लागतात. आमच्या उताराला सहा फुटी पॅनल सुमारे २३ इंच कलायला हवा, आणि बरेच तयार पॅनल एवढे कलत नाहीत. ऑर्डर देण्याआधी हे विचाराच.

इथेही मी आपटलो. खांबांची अंतरं जुन्या सवयीने आडवी, दोरी लेव्हलमध्ये धरून, ७२ इंच घेतली. पण कललेला पॅनल आडव्या मापात आखूड होतो: ७२ चा साधारण ६८. पहिलाच पॅनल खांबापासून जवळजवळ चार इंच अलीकडे संपला! बाबा हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. टेप उताराला समांतर धरून नवे खड्डे घेतले.

धातू घेतला पावडर-कोटेड अ‍ॅल्युमिनियम. ते लोखंडासारखं गंजत नाही, पण लाड हवेतच. ओलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, अ‍ॅल्युमिनियमला चावतं; म्हणून गाडायच्या भागाला, विशेषतः कापलेल्या टोकांना, डांबरी रंग लावला. स्टेनलेस स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर टाकले, म्हणजे दोन धातू एकमेकांना भिडत नाहीत. ए.सी.क्यू. लाकडाला अ‍ॅल्युमिनियम टेकू द्यायचं नाही. खड्डे ३६ इंचांच्या खाली, नाहीतर हिवाळ्यात गोठणारी जमीन खांब वर ढकलते. आणि खणण्याआधी ८११ ला फोन! (२००७ पासून देशभर हाच नंबर आहे.)

आमच्याकडे पूल नाही, तरी पूलच्या कुंपणाचे नियम धरले: उंची किमान ४८ इंच, पट्ट्यांमधून चार इंचांचा गोळा जाता कामा नये, गवतापासून फट दोन इंचांच्या आत, फाटक आपोआप मिटणारं. पॅनल कलला की पट्ट्या जवळ येतात, म्हणजे फट कमीच होते.

शेवटचा स्क्रू बसल्यावर बाबांनी लेकीचा एक लहान बॉल घेतला आणि एकेका पॅनलखालून घालून पाहिला. एका ठिकाणी गेला. तिथे माती भरेपर्यंत त्यांनी चहा घेतला नाही.

कुंपण अजून उभं आहे. लेक शिकायला दुसऱ्या गावी गेली, बाबा आता नाहीत. दर एप्रिलमध्ये मी तो बॉल घेऊन खाली उतरतो. पावसाने माती वाहून जाते ना, दोन-तीन ठिकाणी भरावी लागतेच.

चू. भू. द्या. घ्या.