पाठमोरा प्रवास

आमचें अंजनगांव सुर्जी पानमळ्यांसाठीं प्रसिद्ध आहे, होड्यांसाठीं नव्हे. शहानूर नदी गांवाजवळून वाहते खरी, परंतु उन्हाळ्यांत तिच्या पात्रांत पाण्यापेक्षां वाळूच अधिक दिसते. आम्ही पोहावयास शिकलों तें विहिरींत. पाठीस वाळका भोपळा बांधावयाचा आणि वडील मंडळींपैकीं कोणीं तरी कांठावरून ढकलून द्यावयाचें, एवढीच त्या विद्येची दीक्षा. गुरूचें कार्य त्या एका धक्क्यांत संपत असे. पुढचें काम भोपळ्याचें आणि दैवाचें.

अशा घराण्यांतील माझी पुतणी अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठीं पुण्यास गेली आणि थोड्याच दिवसांत तिनें कळविलें, "काका, मी नौका वल्हवावयास शिकत आहें." तें ऐकून वहिनींनीं अक्षरशः देव पाण्यांत ठेवले. "भाऊजी, आपल्या सात पिढ्यांत कोणी होडींत बसलें नाहीं. हें आपलें काम नव्हे. तुम्हीच तिला समजावा," असें त्या मला म्हणाल्या. त्यांच्या भीतीला हंसण्याचें मला कांहींच कारण नव्हतें. पाण्याची भीति ही शहाणपणाचीच एक बाजू आहे. परंतु 'हें आपलें काम नव्हे' हें वाक्य मात्र माझ्या मनांत घर करून राहिलें. एखादी विद्या आपली कीं परकी, हें ठरवावयाचें कोणीं? पूर्वजांनीं, नदीनें, कीं शिकविणारानें?

पुण्यापुरतें बोलावयाचें तर हा खेळ तेथें नवखा नाहीं. तेथील १८५४ सालीं स्थापन झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची (आतां तें विद्यापीठ झालें आहे) नौकास्पर्धा १९२८ पासून चालत आली आहे. पुतणी ज्या मंडळांत शिकत होती, तेथील शिक्षण कसें असतें हें पाहावें म्हणून एका सकाळीं मी नदीकांठीं जाऊन उभा राहिलों.

नवशिक्यास पहिल्याच दिवशीं नौकेंत बसवीत नाहींत. पोहतां येतें कीं नाहीं हें प्रथम पाहतात. मग जमिनीवरील यंत्रावर बसवून हालचालींचा क्रम घोटून घेतात. ओढतांना आधीं पाय, मग पाठ, शेवटीं हात. परततांना आधीं हात, मग पाठ, शेवटीं पाय. हा बाहुबलाचा खेळ अशी माझी समजूत. परंतु नौकेस खरा रेटा देतात ते पाय. पावलें फळीस बांधलेलीं असतात, बैठक चाकांवर मागेंपुढें सरकते, आणि वल्हविणाराची पाठ असते ती जावयाच्या दिशेकडे!

ही शेवटची गोष्ट मला फार विलक्षण वाटली. ध्येय सदैव डोळ्यांपुढें असावें, असें आपण मुलांना बाळपणापासून सांगतों. येथें ध्येय पाठीशीं, आणि डोळ्यांपुढें केवळ मागें टाकलेलें पाणी. आठ जणांच्या नौकेंत सुकाणू सांभाळणारा तरी दिशा पाहावयास असतो. एकट्याच्या नौकेंत मधून मधून मान वळवून पाहावें लागतें. नवशिक्याला तेंहि साधत नाहीं. म्हणून त्याचे डोळे कांठावर असतात. ते डोळे म्हणजे शिक्षक.

तेथील शिक्षक मितभाषी होते. "परततांना घाई नको," हें एकच वाक्य त्यांनीं दहा वेळां तरी उच्चारलें असेल. त्याचें मर्म त्यांनीं मला मागाहून उलगडून सांगितलें. वल्हीं पाण्याबाहेर असतात, तेव्हांच नौका सर्वांत वेगानें धांवत असते. त्या वेळीं वल्हविणारा घाईनें सरकून पायांच्या फळीवर आदळला, तर त्याच्याच शरीराचा भार नौकेची गति मारतो.

इतक्यांत पुतणीचें एक वल्हें पाण्यांत अडकलें आणि नौका एका अंगास कलली. मी नकळत दोन पावलें पुढें झालों. शिक्षक जागचे हलले नाहींत. "हात जवळ धर, वल्हीं पाण्यावर आडवीं राहूं दे," एवढेंच ते बोलले. नौका सांवरली. मदतीची यंत्रनौका जवळच उभी होती. परंतु तिला हलावें लागलें नाहीं. आमच्या विहिरीवरील तो धक्का आणि हें कांठावर स्थिर उभें राहणें, ह्या दोहोंत शिक्षणाच्या दोन युगांचें अंतर आहे.

वहिनींना मी हें सर्व सांगितलें आणि सात पिढ्यांच्या प्रश्नास उत्तर म्हणून दत्तू भोकनळ ह्यांची हकीकतहि सांगितली. नाशिक जिल्ह्यांतील चांदवड तालुक्यांत तळेगांव रोही हें त्यांचें गांव, मुलूख दुष्काळी. वडिलांबरोबर त्यांनीं विहिरी खणण्याचें काम केलें होतें. २०१२ सालीं ते सैन्यांत गेले आणि पुण्यास लष्कराच्या केंद्रांत त्यांच्या हातीं वल्हीं आलीं. आरंभीं त्यांनाहि पाण्याची भीति वाटे. तरी २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें २००० मीटरांच्या एकेरी शर्यतींत ते तेरावे आले. त्या वेळीं त्यांच्या मातोश्री अपघातानें रुग्णशय्येवर होत्या. पुढें २०१८ सालीं इंडोनेशियांतील आशियाई स्पर्धांत एकेरी शर्यतींत प्रकृतीनें दगा दिला व ते अखेरचे आले. पण दुसऱ्याच दिवशीं स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग ह्यांच्यासह त्यांनीं चौघांच्या नौकेंत सुवर्णपदक मिळविलें. पाण्यासाठीं जमीन खणणाऱ्या हातांनीं पाण्यावर हें यश मिळविलें.

वहिनींनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि एकच विचारलें, "कांठावर रोज कोणी उभें असतें ना?" सगळ्या चर्चेचें सार त्या एका प्रश्नांत आलें.

आमच्या गांवीं नौकामंडळ निघेल असा भ्रम मला नाहीं. पण मुलामुलींना, विशेषतः मुलींना, रीतसर पोहावयास शिकविण्यास मोठी नदी लागत नाहीं. जाणता शिकविणारा लागतो, आणि मूल स्वतः सांवरेपर्यंत तेथें उभें राहण्याचा त्याचा धीर लागतो. आपल्या गांवांत उणीव आहे ती पाण्यापेक्षां ह्याचीच अधिक. ती भरून निघेपर्यंत तरी कोणत्याहि मुलास 'हें आपलें काम नव्हे' असें सांगण्याचा अधिकार आपणांस पोंचत नाहीं.