पिसांचा मुकुट

‘अ फेदर इन युवर कॅप’ हा वाक्प्रचार शिकवताना मी फळ्यावर पिसांचा मुकुट काढायचो आणि सांगायचो, हे ‘रेड इंडियन’ लोकांकडून आलं. आपल्याकडचा शिरपेचातला मानाचा तुरा सांगितला की मुलांना अर्थ लगेच कळायचा. अर्थ तेवढा बरोबर होता, उगमाचं मात्र तसं नव्हतं. टोपीत मानाचं पीस खोवायची रीत युरोपातही जुनी आहे. ज्यानं तुर्क मारला त्यालाच हंगेरीत पीस लावता येई, असं 1599 सालच्या एका इंग्रजी हस्तलिखितात नमूद आहे. हे मी कधी शोधलंच नव्हतं.

त्याहून मोठी चूक स्नेहसंमेलनात झाली. माझ्याच सांगण्यावरून मुलं रंगीत कागदाच्या पिसांचे मुकुट घालून, तोंडावर हात आपटत, आरोळ्या ठोकत नाचली. टाळ्या पडल्या. मला अभिमान वाटला.

पुढे वाचत गेलो तशी त्या अभिमानाची लाज वाटू लागली. गरुडाच्या पिसांचा तो मुकुट लाकोटा, शायेन, क्रो अशा उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतल्या लोकांचा. त्यातलं पीस कमवावं लागे. पराक्रम केला, लोकांसाठी झिजलं, तर समाज ते देई. आजही त्यांच्या मेळाव्यात नाचताना गरुडाचं पीस खाली पडलं तर नाच थांबवून ते विधिपूर्वक उचलतात. आमची पिसं कार्यक्रमानंतर केरात गेली. अमेरिकेत कायद्यानं गरुडांना संरक्षण आहे. मेलेल्या गरुडांची पिसं कोलोरॅडोतल्या सरकारी भांडारात जमा होतात आणि मूळ जमातींच्या नोंदणीकृत सदस्यांनाच, तीही अर्ज करून, वाट पाहून मिळतात.

शिवाय हा मुकुट सगळ्या जमातींचा नव्हेच. चेरोकी भाषेला 1821 च्या सुमारास लिपी देणारा सिक्वोया त्याच्या प्रसिद्ध चित्रात डोक्याला पागोट्यासारखं कापड गुंडाळून बसला आहे. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी आपल्या भाषेतला एकेक उच्चार ऐकून त्यानं चिन्हं घडवली. भाषेच्या शिक्षकाला हा माणूस ठाऊक नसावा, याची मला सर्वांत जास्त खंत आहे.

शिक्षकमित्रांनो, वाक्प्रचार जरूर शिकवा. पण यंदाच्या संमेलनाच्या यादीत तो नाच असेल तर काढून टाका, आणि वर्गात सिक्वोयाचं चित्र दाखवा.