प्रत आणि मूळ

गौलीगुड्याच्या बसस्थानकाचे ते कमानदार पत्र्याचे छप्पर आमच्या पिढीने डोळे मिटूनही ओळखले असते. १९३० च्या सुमारास निजामाच्या काळात विमानांसाठी म्हणून ते उभे राहिले, १९३२ पासून त्याखालून बसगाड्या सुटू लागल्या, आणि ५ जुलै २०१८ रोजी ते कोसळले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. विमानासाठी घडवलेल्या छपराखाली आम्ही आयुष्यभर बसची वाट पाहिली आणि त्यात आम्हांस कधी काही विचित्र वाटले नाही.

निसर्गाचाही कारभार पुष्कळसा असाच आहे, हे आम्हांस उतारवयात आणि नाइलाजाने कळले. प्रथिनात स्वतंत्रपणे घडी पडणारा आणि आपले ठरावीक काम सांभाळणारा जो भाग असतो त्यास ‘डोमेन’ म्हणतात. निसर्ग नवे डोमेन क्वचितच घडवतो. जुनेच उचलतो, दुसऱ्या जागी बसवतो, नव्या कामास लावतो. ग्लोबिनची घडी आपल्या रक्तात आहे, तशी भुईमुगाच्या मुळांवरील गाठींतही आहे. ताजी गाठ चिरली की आत जी गुलाबी झाक दिसते, ती तिचीच. शेतकऱ्याचा मुलगा असूनही आम्ही हे सत्तरीपर्यंत कधी पाहिले नव्हते.

मात्र जुने मोडून नवे करायचे तर मधल्या काळात काम कोणी करावे? सुसुमु ओहनो या शास्त्रज्ञाने १९७० साली यावर ग्रंथ लिहिला. जनुकाची आधी एक जादा प्रत होते. मूळ प्रत नेहमीचे काम करीत राहते आणि दुसरी बदलण्यास मोकळी होते. हिमोग्लोबिनच्या अल्फा आणि बीटा या दोन साखळ्या सुमारे ४५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी अशाच विभक्त झाल्या. आज अल्फाचे बिऱ्हाड सोळाव्या गुणसूत्रावर, बीटाचे अकराव्यावर. बीटाच्या शेजारी तिची भावंडे ओळीने नांदतात: भ्रूणावस्थेतील एप्सिलॉन, गर्भातील दोन गॅमा, आणि मोठेपणी जेमतेम काम करणारी डेल्टा. मध्ये एक पडके घरही आहे. ते जनुक कधीकाळी चालत असावे, आता त्यापासून प्रथिन तयार होत नाही.

हा सारा पसारा आम्ही वाचला तो आमच्या धाकट्या बहिणीच्या नातीमुळे. तिला बीटा थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. आई आणि वडील दोघेही वाहक, दोघेही धडधाकट. दोन्ही घरे निजामी अमलापासून येथे स्थायिक, आणि सोयरीक पिढ्यान्‌पिढ्या त्याच पंधरा-वीस घरांत. मुलूख सोडून आलेल्यांनी आपली भाषा आणि आपले सण जपले ते याच घट्टपणामुळे. तो आम्ही वाईट कसा म्हणावा? पण पत्रिका जुळवताना छत्तीस गुण मोजणाऱ्या आम्ही मंडळींनी रक्ताचा एक साधा तपास मात्र कधी केला नाही.

गंमत अशी की तो तपासही एका प्रतीवरच उभा आहे. डेल्टापासून होणारे हिमोग्लोबिन ए-२ सामान्यतः दोन-तीन टक्के असते. बीटाच्या वाहकात ते बहुधा साडेतीनच्या वर जाते.

उपचाराची आशाही त्याच भावंडांत आहे. जन्मानंतर गॅमाला झोपवणारे बीसीएल-११-ए नावाचे प्रथिन असते. त्यात ‘झिंक फिंगर’ हे जस्ताचा अणू पकडून डीएनएला चिकटणारे डोमेन आहे. मानवाच्या सातशेहून अधिक जनुकांत त्याच्या आवृत्त्या आढळतात. रक्त निर्माण करणाऱ्या पेशींत त्या प्रथिनाचा जोर तोडला की गॅमा पुन्हा जागी होते आणि बीटाची उणीव भरून काढते. या उपचारास नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने बारा वर्षांवरील रुग्णांसाठी परवानगी दिली. अमेरिकेतील किंमत बावीस लाख डॉलर. आमची नात आठ वर्षांची आहे. हिशेब मांडून आम्ही वही मिटली.

यंदा आमच्या पुतण्याचे लग्न ठरवण्याचे दिवस आले. पत्रिकेसोबत रक्ताचा अहवाल पाठवावा असे आम्ही सुचविताच थोरले बंधू उसळले. ‘‘आपल्या मुलाला आपणच रोगी म्हणून मिरवायचे काय?’’ वाहक म्हणजे रोगी नव्हे. दोन वाहक एकत्र आले तरच प्रत्येक अपत्यास चारांत एक धोका, हे आम्ही चार वेळा समजाविले. वहिनी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन त्या स्वतःच तपासणीस गेल्या.

अहवालात ए-२ पाच टक्क्यांवर निघाले. बंधूंनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि पत्रिकेच्या पाकिटात ठेवला. पाकीट पाठवून तीन आठवडे झाले. मुलीकडचे उत्तर अद्याप आलेले नाही.