थांबवलेली गोडी : रूसियोंची वाईन आणि एका आख्यायिकेची परीक्षा

१/ आजचा धागा माझ्या चुकांपासून सुरू होतो. काही वर्षांपूर्वी दिवाळीला धाकट्या भावाने फ्रान्सहून बान्युल्स या गोड वाईनची बाटली आणली. पुण्याच्या ऑक्टोबरमधल्या उकाड्यात ती मी तशीच कोमट, करंज्यांबरोबर मित्रांपुढे ठेवली. सोबत एक कथाही वाढली : इ.स. १२८५ मध्ये आर्नो द व्हिलनव्ह या वैद्याने ही वाईन शोधून काढली. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या एका मित्राने पेला खाली ठेवत विचारले, "अरे, हे कोणत्या कागदात आहे?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

२/ आधी ही वाईन म्हणजे काय ते पाहू. द्राक्षरसातील साखर यीस्ट खाते आणि तिचे मद्य होते. दही लागल्यावर ते गार जागी हलवले नाही तर आंबतच जाते. तसाच हा रसही साखर संपेपर्यंत आंबत राहतो. तो मध्येच थांबवायचा, तर रसाच्या ५ ते १० टक्के एवढे, सुमारे ९६ टक्के तीव्रतेचे मद्यार्क त्यात ओततात. यीस्ट मरते, उरलेली साखर तशीच राहते. या क्रियेला फ्रेंचमध्ये 'म्युताज' म्हणतात.

३/ 'पोर्ट' हे नाव गोव्यामुळे आपल्या कानांवर आहे. पोर्तुगालच्या मूळ पोर्टचे तत्त्व हेच. मात्र तिथे ओतले जाणारे मद्य सुमारे ७७ टक्के तीव्रतेचे आणि प्रमाणाने बरेच अधिक असते. फ्रान्समधील या वाईनना 'व्हँ दू नातुरेल', म्हणजे 'नैसर्गिक गोड वाईन' म्हणतात. बाहेरून मद्य घालूनही 'नैसर्गिक' कशी? कारण गोडी द्राक्षाची स्वतःची असते. नियमानुसार मूळ रसात लिटरमागे किमान २५२ ग्रॅम साखर असावी लागते.

४/ या वाईनचे मुख्य माहेर रूसियों, म्हणजे फ्रान्सचा स्पेनला लागून असलेला भूमध्यसागरी कोपरा. तेराव्या शतकात हा प्रदेश फ्रान्सचा नव्हता. १२७६ पासून तो मायोर्काच्या स्वतंत्र राज्यात होता आणि पेर्पिन्यां शहरातला त्या राजांचा वाडा आजही उभा आहे. १६५९ च्या पिरेनीजच्या तहाने रूसियों फ्रान्सकडे गेला. कातालान भाषा तिथे अजून ऐकू येते.

५/ आता आर्नो. हा गृहस्थ काल्पनिक नाही. तो मोंपेलियेला वैद्यक शिकवत असे, राजांचा आणि पोपांचा वैद्य होता, १३११ मध्ये वारला. वाईनच्या औषधी उपयोगांवरील एक ग्रंथ त्याच्या नावावर आहे. पण तो खरोखर त्याचाच का, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. ऊर्ध्वपातित मद्याचे ज्ञान त्या काळच्या वैद्यांत पसरत होते, हे मात्र खरे. म्हणजे कथा शक्यतेच्या कक्षेत बसते. 'एके वर्षी एका माणसाने शोध लावला' हे त्यातून सिद्ध होत नाही. बखर आणि समकालीन पत्र यांतला भेद जाणणाऱ्या आपणास हे निराळे सांगायला नको.

६/ भक्कम कागद मिळतात ते पुष्कळ नंतरचे. १८९८ मध्ये पाम्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने या वाईनच्या करआकारणीला चौकट दिली. १९३६ मध्ये बान्युल्स, मोरी आणि रिव्हसाल्त या नावांना प्रदेशनिष्ठ संरक्षण मिळाले.

७/ आणखी एक पुरावा डोंगरावर आहे. बान्युल्सच्या समुद्राकाठच्या उतारांवर पाटीच्या दगडाचे बांध घालून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत ग्रेनाशच्या वेली उभ्या आहेत. पावसाच्या लोंढ्याने माती वाहून जाऊ नये म्हणून तिरके दगडी चर काढलेले असतात; कातालानमध्ये त्यांना 'कोंबड्याचा पाय' म्हणतात. हे बांध रचणाऱ्या हातांची नावे कुठल्याही आख्यायिकेत नाहीत.

८/ वाढण्याविषयी. मस्कॅट द्राक्षाची फिकी, सुगंधी वाईन ८ ते १० अंशांवर द्यावी. पिंपांत किंवा उन्हात ठेवलेल्या काचेच्या मोठ्या बुधल्यांत मुरवलेली, अक्रोड-अंजिराच्या वासाची वाईन १४ ते १६ अंशांवर. पेला लहान, वर निमुळता. माप ६०-७० मिलिलिटर. सोबतचा पदार्थ वाईनहून गोड नसावा, नाहीतर ती फिकी लागते. माझ्या करंज्यांनी नेमके तेच केले होते. बान्युल्सला कडसर चॉकलेट साजते, मस्कॅटला रोकफोरसारखे निळ्या बुरशीचे खारट चीज. उघडलेली मुरलेली वाईन काही आठवडे टिकते. मस्कॅट फ्रीजमध्ये ठेवून थोड्या दिवसांत संपवावी.

९/ पुढच्या दिवाळीत त्याच मित्राला पुन्हा बोलावले. या वेळी बाटली गार होती, ताटलीत काळे चॉकलेट होते, आणि कथा सांगताना मी 'परंपरा अशी की' एवढे तीन शब्द आधी जोडले. तो हसला आणि त्याने पेला पुढे केला. रस कुठे थांबवावा हे वाईन करणाऱ्याला कळावे लागते. पुरावा संपतो तिथे थांबायला मी त्या दिवाळीत शिकलो. धागा समाप्त.