माफीची ईद

काही वर्षांपूर्वी रमजान ईदला आम्ही दोघे जावा बेटावरच्या योग्याकर्ता शहरात होतो. मुलगा जकार्ताला नोकरीला. त्याच्या सहकाऱ्याने आग्रहाने आपल्या घरी नेले. नमाज झाली आणि घरातले सगळे एकेक करून दादीसमोर गुडघे टेकून, तिच्या मांडीशी डोके नेऊन वर्षभराच्या चुकांची माफी मागू लागले.

ही माफी जुन्या अदबीच्या 'क्रोमो' बोलीत मागायची. आपले 'तू जेव', 'आपण जेवा' यावर भागते. जावी भाषेत माणसाच्या मानाप्रमाणे जेवणाला मांगान, नेधो, धाहार असे तीन निराळे शब्द! कॉलेजातला नातू दोन वाक्यांत अडखळला आणि सरळ इंडोनेशियन भाषेवर आला. दादी हसली. म्हणाली, "या भाषेत सगळे सारखे. माझ्या वडिलांना केवढे कौतुक होते तिचे!"

डच अमदानीत बड्या अधिकाऱ्यापुढे रयतेने खाली बसून हात जोडायचे. १९४५ मध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि लोक एकमेकांना 'बुंग', म्हणजे भाऊ, म्हणू लागले. सुकार्नोसुद्धा बुंग कार्नो. योग्याकर्ताच्या सुलतानाने तर आपल्या राजवाड्याचा काही भाग नव्या विद्यापीठाच्या वर्गांसाठी दिला. पुढे सुहार्तो आले ते मात्र 'पाक हार्तो'. पाक म्हणजे बाप. भाऊ जाऊन बाप आला, यातच सगळे आले.

मध्ये १९६५ आहे. कम्युनिस्ट ठरवून लाखो माणसे मारली गेली. लष्कराबरोबर मारणाऱ्यांत आपल्याच दीनाचे नाव घेणारे तरुणही होते. हे लिहिताना आमचा हात जड होतो. दादीचा थोरला भाऊ शाळामास्तर होता. एका रात्री त्याला नेले, तो परत आला नाही. १९९८ मध्ये सुहार्तो पायउतार होईपर्यंत घरात त्याचे नाव कोणी मोठ्याने घेत नसे. अशा घरांतल्या मुलांना सरकारी नोकरीही मिळत नसे.

नहदतुल उलमाचे माजी प्रमुख अब्दुर्रहमान वाहिद राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी २००० मध्ये आपल्या संघटनेच्या लोकांकडून झालेल्या हत्यांबद्दल जाहीर माफी मागितली. त्यावरून पुष्कळ लोक नाराज झाले. दादी मात्र म्हणाली, "पस्तीस वर्षे दर ईदला आम्ही एकमेकांची माफी मागत होतो. ही एक राहिली होती."

भावाचा फोटो आता बैठकीच्या खोलीत आहे. नातवाने उठून त्याच्यासमोरही मान झुकवली. मग दादीने सगळ्यांना कुपात वाढायला घेतले.